उजळाईवाडीच्या इतिहासाला छप्पर हवे

गोव्यास जाणाऱ्या कोल्हापूरकराने समुद्रस्नानाचा मोह एक दिवस आवरून, वास्कोजवळ बोगमाळो येथे नौदलाने १९९८ साली उभारलेले विमानसंग्रहालय मुलाबाळांसह अवश्य पाहावे. १९७१ च्या डिसेंबरात विमानवाहू नौका ‘विक्रांत’वरून झेपावून ज्यांनी चितगाव आणि कॉक्स बाजार येथील शत्रूच्या ठाण्यांवर आघात केले, त्या सी हॉक आणि आलिझे जातीची विमाने तेथे इतकी निकट उभी आहेत की, नौकेवरील अपुऱ्या जागेत मावण्यासाठी त्यांचे पंख कसे दुमडत असत, हे शाळकरी मुलालाही उमगावे. अंगणातले चार इंजिनांचे आणि तीन उभ्या शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन तर एअर इंडिया, हवाई दल आणि नौदल अशा तीन चाकऱ्या करून तेथे विसावले आहे.

खुद्द ‘विक्रांत’ला हे भाग्य लाभले नाही. १९९७ साली सेवामुक्त झालेली ही नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून राहिली. परंतु कायमच्या जतनाची तजवीज न झाल्यामुळे २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली, ही गोष्ट महाराष्ट्रीय म्हणून माझ्या मनाला आजही डाचते.

म्हणूनच आपल्या उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाच्या, इतिहासाची चिंता वाटते. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, ५ जानेवारी १९३९ रोजी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटण्यापूर्वीच, ज्या संस्थानी राजधानीत विमानतळ सुरू झाला, त्या नगरीच्या मुलांना हा इतिहास प्रत्यक्ष दाखवावा अशी एकही स्वतंत्र वास्तू नसावी, हे शोभणारे नाही. ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात जिवापाड जपणाऱ्या कोल्हापूरला हे अशक्य मुळीच नाही.

आरंभी विमानाचा हट्टही नको. संस्थानच्या दफ्तरांतील हुकूम, नकाशे, खर्चाचे तपशील आणि घरोघरच्या पेट्यांतील छायाचित्रे यांचा शोध शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने घ्यावा, जुन्या नोकरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि विमानतळाच्या अधिकाऱ्यांनी प्रवासी नसलेल्यांनाही जाता येईल अशी एक प्रशस्त खोली द्यावी. निवृत्त विमानासाठी संरक्षण खात्याकडे रीतसर अर्ज त्यानंतर करावा. मात्र त्यापूर्वी छपराची मंजुरी आणि देखभालीची वार्षिक तरतूद पदरात पाडून घ्यावी, कारण आपल्याकडच्या पावसात उघड्यावर ठेवलेले विमान गंजावयास फार वर्षे लागत नाहीत.