वेगाची पेटी आणि जपणुकीची पेटी

अफझलगंजातील आमच्या घरी परवा एक लहानसा वाद झाला. नातवाला खेळांसाठी संगणक जुळवावयाचा होता, आणि त्याच्या यादीत साठवणुकीसाठी एकच वस्तू होती : १ टेराबाइटची अतिवेगवान एसएसडी. "आजोबा, फिरत्या तबकडीचा काळ गेला," असे त्याने आम्हांस ऐकविले.

त्याचे म्हणणे निम्मे खरे होते. तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० मेगाबाइट वाचते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५०, तर एनव्हीएमई पद्धतीची ३,५०० ते ७,००० आणि त्याहूनही अधिक. आजचे कित्येक खेळ १०० गिगाबाइटांहून अधिक जागा अडवितात. ते तबकडीवरून उघडेपर्यंत चहा निवतो. तथापि ५५० वरून ७,००० वर गेल्याने खेळ तेरापट लवकर उघडतो, असे मात्र नव्हे. पुढचे पुष्कळसे काम प्रोसेसरचे असते. शिवाय एम.२ आकाराची प्रत्येक पट्टी एनव्हीएमई नसते, काही साटाच असतात. म्हणून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरात जाण्यापूर्वी मदरबोर्डाची पुस्तिका अवश्य वाचावी.

आमची चिंता निराळी होती. त्याच संगणकात घरची छायाचित्रे आणि त्याच्या दिवंगत आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या राहणार होत्या. तबकडी बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते. एसएसडी कित्येकदा काही न सांगता मिटते.

जवळच, उस्मानिया रुग्णालयाच्या परिसरात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात त्यावर चढून सुमारे १५० माणसे वाचली, असे सांगतात. माणसे झाडावर चढली. घरातील पेटारे कोण चढविणार? एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे पुरापुढे एकच प्रत.

शेवटी असे ठरले : खेळांसाठी एनव्हीएमई, ठेवणीसाठी स्वस्त व मोठी हार्ड डिस्क, आणि तिची एक प्रत पुण्यास मुलीकडे. दर सहा महिन्यांनी ती उघडून पाहावयाची, हेही ठरले.

"एवढा खटाटोप कशाला?" नातवाने विचारले. आम्ही म्हणालो, "बाळ, खेळ गेला तर पुन्हा उतरवून घेता येतो. आजीची ओवी कोठून आणशील?"

त्याने यादीत आणखी दोन ओळी लिहिल्या. वाचकांनीही आपल्या घरची यादी एकवार पाहावी.