विदूषकाची मजुरी

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे. पण संध्याकाळी पायरीवर बसण्याची रीत अजून मोडलेली नाही. परवा तेथे तीन-चार तरुण एका मोबाइलवर डोकी एकत्र करून हसत होते. डोकावून पाहिले, तर ‘अशी ही बनवाबनवी’मधला लक्ष्मीकांत बेर्डे! चित्रपट १९८८ चा. बेर्डे २००४ साली, अवघ्या पन्नाशीत गेले. ही मुले तेव्हा पाळण्यातही नसतील. हसू ओसरल्यावर त्यांतल्या एकाने मला विचारले, “सर, हे अजून इतकं चालतंय. याचे पैसे कुणाला मिळत असतील?” आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारला.

विनोदी नटाच्या पैशाविषयी आपल्या समाजात दोनच कथा प्रचलित आहेत : एक नशिबाची आणि दुसरी उधळपट्टीची. भगवानदादा पालव यांचे नाव दोन्हींसाठी घेतले जाते. गिरणी कामगाराचा हा मुलगा स्टंटपटांतून वर आला. १९५१ च्या ‘अलबेला’ने त्याला जुहूचा बंगला आणि मोटारी मिळवून दिल्या. पुढचे चित्रपट पडले, बंगला गेला, मोटारी गेल्या आणि उरलेले आयुष्य दादरच्या चाळीत काढून २००२ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला. यावर पांढरपेशा माणूस मान हलवून म्हणतो, ‘पैसा टिकवता आला नाही.’

हा निवाडा मला मान्य नाही. कारखानदाराची कंपनी बुडते तेव्हा मर्यादित दायित्वाचा कायदा त्याचे घर वाचवतो. भगवानदादांसारख्या निर्मात्याचे घर आणि धंदा यांच्यामध्ये अशी भिंत नव्हती. चित्रपट-व्यवसायाला उद्योगाचा दर्जा सरकारने दिला तो १९९८ साली. तोवर बँकांचे दरवाजे बंद आणि खासगी सावकाराचे तेवढे उघडे, अशी स्थिती होती. ज्या धंद्यात भांडवल चढ्या व्याजाने येते आणि जोखीम एकट्या माणसाच्या डोक्यावर असते, तेथे एका अपयशाने बंगल्याची चाळ होते. त्यात स्वभावदोष शोधणे म्हणजे दुष्काळाचे खापर शेतकऱ्याच्या आळसावर फोडण्यासारखे आहे.

आणि जो निर्माता नाही, केवळ नट आहे, त्याचे काय? पुण्यातील जुने रसिक राजा गोसावींची हकीकत सांगतात. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ प्रदर्शित झाला, तेव्हा गोसावी भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकण्याची नोकरी करीत होते. एक लाख रुपये खर्च कसे करायचे, या पेचावरचा तो चित्रपट. आणि त्याचाच नायक खिडकीमागे बसून प्रेक्षकांना सुट्टे पैसे मोजून देत होता! आपण हा किस्सा गंमत म्हणून सांगतो. वास्तविक ती व्यवसायाची ताळेबंद-पत्रिकाच आहे. अशोक सराफ यांनी नाटक-चित्रपटांत नाव होऊ लागल्यावरही कित्येक वर्षे स्टेट बँकेतली नोकरी सोडली नाही. २०२५ साली ‘पद्मश्री’ मिळवणाऱ्या या नटाला उमेदीच्या काळात आधार होता तो कलेचा नव्हे, महिन्याच्या पगाराचा. संघटित क्षेत्रातील नोकरी हाच आमच्या विनोदाचा खरा आश्रयदाता होता!

ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात नट, विदूषक आणि गवई यांना अनुत्पादक श्रमिकांत बसवले. कारण त्यांचे काम ज्या क्षणी होते त्याच क्षणी विरून जाते, मागे विकण्याजोगी वस्तू उरत नाही. रंगमंचापुरते ते खरे होते. कॅमेऱ्याने मात्र हे सारे गणित उलटे केले. नटाचे श्रम आता विरत नाहीत. ते साठवले जातात, दूरचित्रवाणीला विकले जातात, पुन्हा विकले जातात. श्रमाचे भांडवल झाले. पण श्रमिकाचा मोबदला मात्र विरून जाणाऱ्या कामाचाच राहिला. एकदा रक्कम घ्या आणि विषय मिटवा, ही या व्यवसायातील सर्वसाधारण रीत. तेव्हा त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर असे : पैसे मिळतात ते हक्क ज्याच्या कपाटात आहेत त्याला, ज्याच्या चेहऱ्यावर आपण हसतो त्याला नव्हे.

दूरचित्रवाणी मालिकांनी यात आणखी एक भर घातली. नटाला मजुरी दिवसावर ठरते, पण हाती पडते नव्वद दिवसांनी. मजुराने मालकाला दिलेले हे बिनव्याजी कर्जच होय. ऊसतोड कामगाराला निदान आगाऊ उचल तरी मिळते, मग ती त्याच्या गळ्यातील फास का ठरेना. येथे तर उचल मालकच घेतो!

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोट्यवधी रुपये घेणाऱ्या ताऱ्यांसाठी समाजवादी कार्यकर्त्याने का झुरावे? झुरू नये. प्रश्न त्यांचा नाहीच. तो पंचवीस वर्षे घरगडी, हवालदार आणि विसराळू मामा रंगवणाऱ्या नटाचा आहे. दुसरा आक्षेप, निर्माता जोखीम घेतो हा. ती त्याने घ्यावी आणि नफाही घ्यावा. पण चित्रपटाचा खर्च वसूल झाल्यावर वर्षानुवर्षे जे उत्पन्न येते, त्यात जोखीम ती कोणती?

कायदा अगदीच मुका नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात नटाच्या कलाविष्काराला जागा नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ती दिली, पण चित्रपटात काम करण्यास संमती देताच तो हक्क सरत असे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापराबद्दल कलावंताचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला. तसेच नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितेने मालिका व वेब-मालिकांतील कामगारांसाठीही लेखी करार बंधनकारक केला आहे. परंतु कागदावरचा हक्क एकट्याने वसूल होत नाही. पुढचे काम गमावण्याची भीती ज्याला आहे, तो मालकाशी भांडेल कसा? गायकांनी २०१३ साली स्वतःची संस्था उभारून रॉयल्टीचा लढा चालवला. हा धडा गिरणगावाने आपल्याला फार पूर्वी शिकवला होता.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. मजुरी तीस दिवसांत मिळावी. पुनःप्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा नटांच्या संघटनेमार्फत वसूल व्हावा. आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे ते अंशदानातून उभ्या राहिलेल्या निधीतून, हक्क म्हणून. वृद्ध कलावंतांना राज्य शासन मानधन देते, ते स्वागतार्हच आहे. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, समितीपुढे आपली कला आणि आपले दारिद्र्य दोन्ही सिद्ध करावी लागतात. ज्याने आयुष्यभर लोकांना हसवले, त्याला अखेरीस दाखले गोळा करीत हिंडावे लागू नये.

त्या संध्याकाळी मी त्या मुलांना एवढे सांगू शकलो नाही. ‘नटाला नाही मिळत’, इतकेच म्हणालो. प्रश्न विचारणारा क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “मीही कंत्राटावरच आहे, सर.” मला वाटते, आपल्या कामाला सुरुवात तेथूनच करायची आहे.