चव्वेचाळीस जमाती, एक राष्ट्र

केनियाचे माजी पंतप्रधान रायला ओडिंगा यांचे १५ ऑक्टोबर २०२५ रोजी केरळातील कूत्ताट्टुकुळम येथे निधन झाले. आयुर्वेदिक उपचारांसाठी ते भारतात आले होते. वय ८० वर्षांचे होते. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी पाच वेळा लढवली आणि पाचही वेळा ते पराभूत घोषित झाले. तरीही त्यांचे पार्थिव नैरोबीत पोहोचले, तेव्हा असा जनसागर लोटला की कासारानी क्रीडांगणावर पोलिसांनी गोळीबार केला आणि शोक करण्यास आलेल्या काही नागरिकांना प्राण गमवावे लागले. ज्याच्या हाती राज्याची सर्वोच्च सत्ता कधीच आली नाही, त्याच्यासाठी जनता एवढी व्याकुळ का व्हावी? या प्रश्नाच्या उत्तरात केनियाचा साठ वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. राष्ट्राचे नेतृत्व किकुयू जमातीच्या जोमो केन्याटा यांच्याकडे आले. पुढे प्रजासत्ताक होताच लुओ जमातीचे जारामोगी ओगिंगा ओडिंगा, म्हणजे रायला यांचे वडील, पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले. 'हरंबे', म्हणजे सगळे मिळून ओढू या, हे नव्या राष्ट्राचे बोधवाक्य ठरले. पण दोराची दोन टोके दोन दिशांना खेचली जाऊ लागली. १९६६ मध्ये ओगिंगा सत्तेतून बाहेर पडले. जुलै १९६९ मध्ये टॉम म्बोया या तेजस्वी लुओ मंत्र्याची नैरोबीत भर रस्त्यात हत्या झाली. त्याच वर्षी विरोधी पक्षावर बंदी आली. १९८२ मध्ये तर डॅनियल अराप मोई यांच्या राजवटीत एकपक्षीय सत्ता कायद्यातच लिहिली गेली आणि रायला यांना खटल्याविना वर्षानुवर्षे तुरुंगात डांबण्यात आले. सत्ता म्हणजे जनसेवेचे साधन नव्हे, तर 'आमची खाण्याची पाळी', अशी बोलीच तेथे रूढ झाली. ज्या जमातीचा माणूस खुर्चीवर, तिच्या ताटात रस्ते, नोकऱ्या आणि जमिनी. इतरांनी पाळीची वाट पाहावी!

या विषवृक्षाला २००७ मध्ये फळे आली. २७ डिसेंबरच्या मतदानानंतर म्वाई किबाकी यांना विजयी घोषित करण्यात आले आणि त्याच संध्याकाळी घाईघाईने त्यांचा शपथविधी उरकण्यात आला. रायला यांच्या समर्थकांनी निकाल नाकारला. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांचे वैरी झाले. एल्डोरेटजवळील कियांबा येथे चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या स्त्रिया-मुलांना जिवंत जाळण्यात आले. दोन महिन्यांत ११०० हून अधिक माणसे मारली गेली, लाखो बेघर झाली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने सत्तावाटप झाले आणि रायला पंतप्रधान झाले. पण त्या रक्तपाताचा न्याय मात्र झाला नाही. उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो यांच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात आरोप ठेवले गेले. तेच दोघे एकत्र येऊन २०१३ मध्ये सत्तेवर बसले आणि पुढे दोन्ही प्रकरणे पुराव्याअभावी कोसळली.

तरीही त्या राखेतून एक मोलाची गोष्ट जन्माला आली, ती म्हणजे २०१० ची राज्यघटना. तिने सत्ता ४७ परगण्यांत विभागली. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते तर हवीतच, शिवाय किमान निम्म्या परगण्यांत प्रत्येकी पाव मते हवीत, अशी अट घातली. एकाच जमातीच्या बळावर राष्ट्र जिंकता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. या घटनेचे तेज १ सप्टेंबर २०१७ रोजी दिसले. सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या नेतृत्वाखालील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी विद्यमान राष्ट्राध्यक्षांची निवडच रद्द ठरवली. आफ्रिकेत हे प्रथमच घडले. उहुरू केन्याटा यांनी न्यायाधीशांवर आगपाखड केली, पण निकाल मानला.

अर्थात निकालाने सर्व काही बदलले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फेरमतदानाच्या तोंडावर उपसरन्यायाधीशांच्या अंगरक्षकावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या महत्त्वाच्या सुनावणीला सातपैकी दोनच न्यायाधीश उपस्थित राहिले. रायला यांनी फेरमतदानावर बहिष्कार घातला. मार्च २०१८ मध्ये मात्र त्यांनी त्याच केन्याटांशी हस्तांदोलन केले. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष रुटो यांच्याशीही करार केला. प्रत्येक वेळी रस्त्यावरचा रक्तपात टळला, हे मान्यच केले पाहिजे. पण प्रत्येक वेळी विरोधी पक्षही सत्तेच्या पंगतीत जाऊन बसला. नेत्यांचे मनोमीलन झाले. ज्यांची मुले पोलिसांच्या गोळीला बळी पडली, त्या मातांचे काय झाले? नेत्यांच्या हस्तांदोलनाने न्यायाची जागा घेतली की प्रश्न मिटत नाही, केवळ पुढे ढकलला जातो.

म्हणूनच जून २०२४ मधील तरुणांचा उठाव नेहमीपेक्षा वेगळा ठरला. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या सरकारने जाचक करांचे वित्त विधेयक आणले. विशीतली मुले-मुली रस्त्यावर उतरली आणि आपल्याला जमात नाही, पक्ष नाही, नेता नाही, असे त्यांनी बजावले. २५ जूनला काही निदर्शक संसदेत घुसले. पोलिसांच्या गोळीबारात अनेक तरुण मारले गेले. दुसऱ्याच दिवशी रुटो यांनी विधेयक मागे घेतले. संसदेतील जाळपोळीचे समर्थन करता येत नाही. परंतु किकुयू, लुओ आणि कालेंजिन मुले खांद्याला खांदा लावून एकच राष्ट्रध्वज हाती घेतात, हे दृश्य वडीलधाऱ्यांच्या साठ वर्षांच्या राजकारणाला दिलेले सणसणीत उत्तर होते.

या कथेशी भारताचा धागा केरळातील त्या अखेरच्या सकाळीपुरता नाही. पंजाबातून गेलेले कामगार नेते माखनसिंग यांनी १९५० मध्येच नैरोबीत पूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली आणि त्यासाठी अकरा वर्षे स्थानबद्धता भोगली. गोमंतकीय कुळातील पिओ गामा पिंटो यांनी गोव्याच्या मुक्तीसाठी काम केले, केनियाच्या मुक्तीसाठी कारावास सोसला आणि स्वतंत्र केनियात, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, नैरोबीत मारेकऱ्याच्या गोळीने प्राण गमावले. ज्या भूमीत राहायचे तिचे सुखदुःख आपले मानायचे, हा संस्कार या दोघांनी जगून दाखवला. २०१७ मध्ये केनियाने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. हा सन्मानच आहे. पण राष्ट्रात सामावून घेण्यासाठीही आधी 'जमात' व्हावे लागते, हेच त्या देशाचे दुखणे आहे.

राज्यघटनेनुसार ऑगस्ट २०२७ हा केनियाच्या पुढील सार्वत्रिक निवडणुकीचा महिना आहे. कित्येक दशकांनंतर प्रथमच राष्ट्रीय राजकारणाच्या पटावर रायला नाहीत. गर्दीला आवरणारा आणि गर्दी उसळवणाराही तोच एक माणूस होता. आता आवरायचे काम निवडणूक आयोग, न्यायालय आणि पोलीस यांना आपल्या निःपक्ष वर्तनाने करावे लागेल. थोर पुरुष राष्ट्राला संकटातून पार नेतात, परंतु राष्ट्र टिकते ते संस्थांच्या शुचितेवर आणि नागरिकांच्या परस्परविश्वासावर. मतपेटीतील आकडा खरा आहे, एवढा विश्वास पराभूताला वाटला, तर केनियातील एकाही मातेला निवडणुकीच्या वर्षी मुलाची वाट पाहत रात्र जागवावी लागणार नाही. 'हरंबे' या शब्दाचा खरा अर्थ तोच.