गुण आला, पण कशाने?



एप्रिल २०२१ मधील एक रात्र मला विसरता येत नाही. साडेदहाच्या सुमारास एका जुन्या रुग्णाच्या मुलाचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, बाबांना ऑक्सिजन लावला आहे. प्लाझ्मा आणा म्हणतात. नागपुरात कुणी ओळखीचे आहे का?" मी एका रक्तपेढीचा क्रमांक दिला. तो त्याच रात्री वर्ध्याहून निघाला आणि पहाटे प्लाझ्मा घेऊन परतला. दहा दिवसांनी वडील चालत घरी आले. "प्लाझ्म्याने वाचवले," असे ते कुटुंब आजही सांगते.

वडील वाचले याचा आनंद मलाही आहे. मात्र ते प्लाझ्म्यामुळे वाचले, असे मी म्हणू शकत नाही. त्या रात्री मी हे बोललो नाही, याची रुखरुख अजून आहे. कारण सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशात मिळाले होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत 'प्लॅसिड' नावाचा अभ्यास केला. मध्यम स्वरूपाचा कोविड असलेल्या ४६४ रुग्णांची सोडतीसारख्या पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला, दुसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार. सोडत आवश्यक असते; निवड डॉक्टरांवर सोपवली, तर मुळातच धडधाकट रुग्ण एका गटात अधिक जाण्याची शक्यता राहते आणि श्रेय औषधाला मिळते.

२८ दिवसांनी हिशेब झाला. प्लाझ्मा घेतलेल्या शंभरांपैकी १९ जणांचा आजार गंभीर झाला किंवा मृत्यू ओढवला. न घेतलेल्या शंभरांपैकी १८ जणांचा. म्हणजे प्लाझ्म्याविनाही शंभरातील ८२ जण त्या संकटातून सुटले होते. आमच्या त्या रुग्णाला याच ८२ जणांत का धरू नये?

या अभ्यासातील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सातव्या दिवशी प्लाझ्मा गटातील अधिक जणांची विषाणूची चाचणी निगेटिव्ह आली होती. तेवढेच वाचले असते, तर औषध लागू पडले असे वाटले असते. परंतु अहवाल सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळण्यात आला.

याउलट उदाहरण डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडचे. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' अभ्यासात व्हेंटिलेटरवरील शंभर रुग्णांमागे मृत्यू ४१ वरून २९ वर आले. केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३ वर. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. औषध तेच, पण रुग्ण बदलताच निष्कर्ष बदलला. तरीही दुसऱ्या लाटेत सौम्य आजाराच्या कित्येक ज्येष्ठांनी घरीच या गोळ्या घेतल्या. मधुमेह्यांची साखर भडकली आणि काळ्या बुरशीलाही वाव मिळाला.

आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचे त्या वेळचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. एस. पी. कलंत्री त्या गदारोळातही पुराव्याचा आग्रह जाहीरपणे धरीत होते. आप्त अत्यवस्थ असताना "काहीतरी करा" असे वाटणे स्वाभाविक आहे. डॉक्टरलाही तसेच वाटते, मलाही वाटले. अशा वेळी "याचा उपयोग नाही" असे सांगणे इंजेक्शन लिहून देण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

म्हणून एखादे नवे किंवा महागडे औषध आणायला सांगितले गेले, अथवा वर्तमानपत्रात 'रामबाण' उपायाची बातमी वाचली, तर चार प्रश्न शांतपणे विचारावेत.

पहिला, तुलना कोणाशी केली? केवळ औषध घेऊन बऱ्या झालेल्यांची गणती पुरेशी नाही. न घेतलेल्यांचे काय झाले?

दुसरा, मोजले काय? रक्ताचा अहवाल, की जीव वाचणे, घरी परतणे, स्वतःच्या पायांवर चालणे?

तिसरा, शंभरांत किती जणांना अधिक लाभ झाला? 'धोका निम्म्याने घटला' हे वाक्य मोठे वाटते. पण चारांचे दोन झाले तरी निम्मेच आणि चाळिसांचे वीस झाले तरी निम्मेच.

चौथा, त्यात आमच्यासारखे रुग्ण होते का? पंच्याहत्तरी ओलांडलेले, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले?

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. छातीत दाटून येणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील बळ एकाएकी जाणे, धाप लागणे, अशा वेळी प्रश्नोत्तरांत क्षणही दवडू नये. थेट रुग्णालय गाठावे. तेथील तातडीच्या अनेक उपचारांची अशीच पारख आधी झालेली असते. हे प्रश्न आहेत ते औषधासाठी रात्री दुसऱ्या शहराकडे धावण्यापूर्वीचे.

असा फोन आज आला, तर मी क्रमांक देण्याआधी म्हणेन, "बाबांजवळच थांबा. ऑक्सिजन नीट चालू आहे ना, ते पाहा. प्लाझ्म्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी मी बोलतो."