सर्वांचे अंगण

जुन्या मराठी घराला अंगण असे. घर लहान असो वा मोठे, दारापुढची ती सारवलेली जागा घराइतकीच महत्त्वाची मानली जाई. सकाळी तेथे सडा पडे, उन्हाळ्यात वाळवणे घातली जात, आणि तिन्हीसांजा झाल्या की आजीभोवती नातवंडे गोळा होत. शेजाऱ्याची हाक प्रथम अंगणात येई व मग घरात शिरे. शहरात आलेल्या माणसाने कष्टाने घर मिळविले. परंतु अंगण मात्र त्याच्या वाट्याला आले नाही. मुंबईच्या उपनगरात आज कित्येक कुटुंबांचा संसार एकदोन खोल्यांत चालतो. सकाळची लोकल गाठणारी आईवडील मंडळी दिवेलागणीनंतर परततात. मुलांना धावावेसे वाटते, आजोबांना चार माणसांत बसावेसे वाटते, आणि दिवसभर शिणलेल्या आईला घटकाभर मोकळा वारा हवा असतो. या सर्वांनी जावे कोठे?

घराजवळचे मैदान, तळ्याचा काठ, कोपऱ्यावरची लहानशी बाग हीच शहराची अंगणे होत. ती चैनीची वस्तू नव्हे. अन्नवस्त्रांच्या खालोखाल माणसाला लागणारी ती गरज आहे.

मुंबईला ही गरज फार मोठे मोल देऊन कळली. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली. जेथे ऊन शिरत नव्हते व वारा खेळत नव्हता, अशा दाट वस्त्यांची तिने दैना उडविली. त्यानंतर १८९८ साली शहराच्या सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंगा हा भाग तेव्हा शहराबाहेरचा; तेथे रुंद रस्ते, झाडे आणि मोकळ्या जागा राखून नव्या वसाहती आखण्यात आल्या. तेथील 'फाइव्ह गार्डन्स' ही पाच बागांची जोडणी त्या दूरदृष्टीची साक्ष आजही देत आहे. घरे बांधण्यापूर्वी घरांमधली जागा राखावी लागते, हा धडा त्या पिढीने संकटातून घेतला.

दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. आरंभी त्याचे नाव माहीम पार्क असे होते; नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ साली त्याला शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानावर क्रिकेटचे कितीतरी डाव एकाच वेळी रंगतात. तथापि या जागेचे खरे वैभव तिच्या भोवतीच्या बुटक्या कट्ट्यात आहे. त्या कट्ट्यावर बसण्यासाठी तिकीट लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही, आणि कोणी 'आपण कोण?' असेही विचारीत नाही. निवृत्त न्यायाधीश व गिरणीतून निवृत्त झालेला कामगार तेथे शेजारी शेजारी बसू शकतात. समतेचे पाठ पुस्तकात पुष्कळ असतात. ते आचरणात उतरतात ते अशा कट्ट्यावर.

ठाण्याचा मासुंदा तलावही असाच. तलावपाळीवर संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे फेरफटका मारतात. कोणी नावेत बसते, कोणी भेळ खाते, कोणी कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन काठावर विसावते. ठाणे हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते; परंतु त्याचे जुने तलाव सगळेच उरलेले नाहीत. जे बुजले ते परत आले नाहीत. मोकळ्या जागेचे हेच दुर्दैव आहे. पडलेली भिंत पुन्हा उभारता येते. पण एकदा बांधलेली जागा पुन्हा मोकळी झाल्याचे क्वचितच दिसते.

येथे कोणी म्हणेल, 'ज्या शहरात माणसांना राहावयास घर नाही, तेथे एवढी जागा रिकामी का ठेवावी?' हा आक्षेप वरवरचा नाही. घरे हवीत, शाळा हव्यात, रुग्णालयेही हवीत. परंतु घर जितके लहान, तितकी त्याबाहेरच्या अंगणाची गरज मोठी असते. बंगल्यात राहणाऱ्याला स्वतःची बाग असते. एका खोलीत राहणाऱ्याला सार्वजनिक बाग हीच दुसरी खोली. म्हणून मैदान नाहीसे झाले तर अधिक नुकसान गरिबाचे होते.

दुसरा असे म्हणेल की, आता करमणुकीला काय तोटा? वातानुकूलित मॉल आहेत, हातातल्या मोबाइलवर हवे ते पाहता येते, आणि बोरिवलीचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यानही आहे. परंतु मॉलमध्ये खिसा हलका होतो, मोबाइलपुढे घरातील माणसे जवळ बसूनही एकमेकांना दुरावतात, आणि दूरच्या कुटुंबाला राष्ट्रीय उद्यानासाठी सुटीचा अख्खा दिवस काढावा लागतो. सहल ही सणासारखी. ती वर्षातून काही वेळा यावी. घराजवळची बाग ही रोजच्या भाकरीसारखी. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. जवळच्या तळ्याकडे पाठ फिरवून सुखाच्या शोधात दूर धावणाऱ्याला 'काखेत कळसा नि गावाला वळसा' ही म्हण चपखल लागू पडते.

अर्थात सर्वांचे अंगण सर्वांनी झाडावयास हवे. शिवाजी पार्कवरची तांबडी माती वाऱ्याने उडते आणि भोवतालच्या रहिवाशांना धुळीचा त्रास होतो. सभांच्या कर्ण्यांनी लोक त्रस्त झाले, तेव्हा २०१० साली उच्च न्यायालयाला हा परिसर शांतता क्षेत्र ठरवावा लागला. खेळणाऱ्याला धावावयास जागा हवी, वृद्धाला शांतता हवी, आणि सभेला मैदान हवे. या साऱ्यांचा मेळ घालणे केवळ नियमांनी साधत नाही. शेंगांची टरफले तळ्यात फेकणारा, झाडाच्या खोडावर नाव कोरणारा, चार माणसांच्या बाकावर एकटाच आडवा होणारा मनुष्य आपल्या घराच्या अंगणात तसे कधीच वागत नाही. 'हे माझे नव्हे' असे त्याला वाटते, एवढाच काय तो फरक. ज्या जागेविषयी कोणालाच आपलेपणा वाटत नाही, ती जागा गिळावयास टपलेले लोक मात्र पुष्कळ असतात.

म्हणून आजच्या मुलांनी आपल्या वस्तीतील मैदान, तळे वा बाग डोळसपणे पाहावी. तेथे कोण बसते, कोण खेळते, कोणाला अद्याप जागा मिळत नाही, हे ध्यानी घ्यावे. ज्यांनी १९२५ साली ते मैदान लोकांना खुले केले, त्यांच्यानंतर कित्येक पिढ्या तेथे खेळल्या. पुढच्या पिढीला खेळावयास काय उरेल, हे मात्र आज खेळणाऱ्यांवर अवलंबून आहे.