रिव्हॉल्व्हर विकणे आहे?

आपल्याकडे जुनी वस्तू विकायला फारसं काही लागत नाही. सायकल असेल तर वॉचमनच्या कानावर घालायचं, फ्रिज असेल तर फोटो काढून ओएलएक्सवर टाकायचा, आणि काहीच जमलं नाही तर भंगारवाला आहेच. स्कूटर म्हटली की आरटीओचे फॉर्म आले, घर म्हटलं की नोंदणी, मुद्रांक आणि वकील. म्हणजे वस्तू जितकी महाग तितके कागद जास्त, असा आपला ढोबळ हिशोब असतो. पण एक वस्तू या हिशोबात बसतच नाही. ती म्हणजे बंदूक. त्यातही घरातल्या कपाटात मावणारी, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल.

अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ज्याचं अर्धं आयुष्य गेलं त्या माणसाचा रिव्हॉल्व्हरशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. खरंच काही नाही. आमच्या काणे नगरात सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे गच्चीवरून सुटणारा क्रिकेटचा चेंडू! पण मध्यंतरी नात्यातच हा प्रश्न आला. कायद्याची पुस्तकं वाचायची खोड मला नोकरीतच लागलेली, त्यामुळे सगळ्यांनी मलाच विचारलं.

तर झालं असं. माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांचा होलसेलचा धंदा होता. रोज संध्याकाळी रोकड घेऊन घरी यायचं, म्हणून फार वर्षांपूर्वी त्यांनी रीतसर परवाना काढून .३२ बोअरचं एक विलायती रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. ते गेले. दिवसवार झाले, कपाटं उघडली, आणि साड्यांच्या घडीखाली रिव्हॉल्व्हर, परवान्याचं पुस्तक आणि डबीत काही काडतुसं निघाली. आठ दिवसांत ओळखीतला एक गृहस्थ दारात हजर. "वहिनी, तुम्हाला त्याचा काय उपयोग? मी घेतो, रोख देतो." आकडा ऐकून सगळे चकित झाले. मला आश्चर्य वाटलं नाही. सामान्य माणसाला परदेशी रिव्हॉल्व्हर-पिस्तूल आयात करायची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे त्याआधी आलेल्या जुन्या विलायती मालाला भाव आहे.

मग घरात सभा भरली. दीर म्हणाले, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ. मोठ्या नणंदेचं म्हणणं, परवाना घरातच आहे, मुदत संपलेली नाही, मग अडचण कसली? एक मामा म्हणाले, कटकटच नको, शिवडीच्या खाडीत टाकून या. बहिणीने मला फोन केला, "दादा, तूच सांग काय करायचं."

मी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण आपल्यापैकी कुणाच्याही घरात ही वेळ येऊ शकते. मुंबईत नसेल तर गावाकडे. आजोबांची ठासणीची बंदूक, काकांची बारा बोअरची, फौजेतून आलेल्या मामांचं पिस्तूल... अशा वस्तू घराघरांत असतात.

पहिली गोष्ट ही की परवाना माणसाचा असतो, शस्त्राचा नाही आणि घराचा तर नाहीच. सासरे गेले त्या दिवशी तो परवानाही गेला. पुस्तकावर पुढची तारीख असली तरी ती त्यांच्यासाठी होती. आणि एकदा सापडल्यावर "आम्हाला माहीतच नव्हतं" हेही म्हणता येत नाही. संजय दत्तच्या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असा अर्थ लावला होता. ज्याला ठाऊकच नाही तो सुटेल, पण कपाट उघडून डबीतली काडतुसं मोजून झाल्यावर ठाऊक नाही कसं म्हणणार? विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे.

आता विक्री. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याआधी लिटनसाहेबाच्या काळातला १८७८ चा कायदा होता. आजच्या कायद्याच्या पाचव्या कलमात खाजगी विक्रीची वाट दिलेली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र एखादा परवानाधारक दुसऱ्याला विकू शकतो, त्याला दुकानदाराचा परवाना लागत नाही. पण घेणारा ते बाळगायला पात्र हवा, म्हणजे त्याच्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना आधी हवा, आणि त्यावर जागा शिल्लक हवी. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. एकवीस वर्षांखालचा माणूस तर साधारणपणे बादच.

याशिवाय दोन अटी आहेत. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासकट. (मुंबईत या कायद्यापुरते जिल्हा दंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त.) आणि कळवल्यापासून कमीत कमी पंचेचाळीस दिवस थांबायचं. त्याआधी शस्त्र हातातून सोडायचं नाही. कायदा म्हणतो "कळवा", पण माझा सल्ला असा की पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्यावा, आणि कार्यालयाचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय, परवान्यावरच्या नोंदी बदलल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये. स्टॅम्प पेपरची इथे काडीची किंमत नाही.

आणि माझ्या बहिणीला तर ही पाचव्या कलमाची वाटही खुली नव्हती, कारण ती मुळात कायदेशीर ताबेदारच नव्हती. तिच्यासारख्यांसाठी एकविसावं कलम आहे. ताबा बेकायदा झाला की विनाकारण उशीर न करता शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. जमा केलं म्हणजे गेलं असं मुळीच नाही. ठरावीक मुदतीत वारसाने स्वतः परवाना मिळवला तर ते परत मिळतं. नाहीतर पात्र माणसाला विकण्याची संमती द्यायची, पैसे वारसालाच मिळतात. मुदत उलटून गेली आणि काहीच केलं नाही तर मात्र ते सरकारजमा होऊ शकतं. खाडीत टाकणाऱ्या मामांना मी एवढंच विचारलं, की परवान्यावर नंबर लिहिलेलं शस्त्र कुठे गेलं असं पोलिसांनी विचारलं तर तुम्ही काय उत्तर देणार?

बहिणीने आधी ठाण्यात फोन केला, मग मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक घेऊन नवऱ्याबरोबर जाऊन रिव्हॉल्व्हर जमा केलं. रोख देणारे गृहस्थ परवान्याचं नाव काढताच पुन्हा फिरकले नाहीत. यावरून काय समजायचं ते समजा.

हे सगळं ऐकल्यावर दीर म्हणाले ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. "आपलीच वस्तू, आपलाच गिऱ्हाईक, आणि दीड महिना थांबायचं? ही सरळसरळ सरकारी अडवणूक आहे." सरकारी अडवणुकीबद्दल बोलायला मीही कमी नाही. पण इथे मी कायद्याच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण मला इतिहासात सापडतं.

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात स्फोट झाला आणि गांधीजींना मारण्याचा तो कट फसला. त्यानंतर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे भरवशाचं पिस्तूल शोधत होते. २७ जानेवारीला रात्री ते ग्वाल्हेरला पोचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात नऊ एमएमचं इटालियन बेरेटा पिस्तूल होतं. ३० तारखेला काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. आणि त्याची झळ महाराष्ट्रात कितीतरी निरपराध घरांना बसली, हे आपल्या घरांतले वडीलधारे सांगत आले आहेत. ते पिस्तूल ग्वाल्हेरपर्यंत कसं आलं याच्या अनेक कथा आहेत. पण शेवटचा व्यवहार खाजगी होता, ओळखीच्या माणसांमार्फत झाला होता आणि एका दिवसात उरकला होता.

आता कुणी म्हणेल, गोडसेने पंचेचाळीस दिवस थांबण्याचा नियम पाळला असता का? नसताच पाळला. ठरवून खून करणारा माणूस नियम पाळत नाही, हे मान्य. पण हा नियम खुन्यासाठी नाहीच, तो विकणाऱ्यासाठी आहे. ज्याच्या कपाटात पिस्तूल आहे आणि जो स्वतः सज्जन आहे, त्याच्यासाठी. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला तो सांगू शकतो, की बाबा, तुझं नाव आणि पत्ता ठाण्यात द्यावा लागेल आणि दीड महिन्याने ये. ज्याला आजच्या आज पिस्तूल हवं असतं त्याला ते कशासाठी हवं असतं, हा प्रश्न पडायला विकणाऱ्याला वेळ मिळतो. आणि रागही दीड महिन्यात बऱ्यापैकी निवतो.

आठवण म्हणून घरातच ठेवू, हाही विचार मला पटत नाही. २२ एप्रिल २००६ ला वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, त्या परवाना असलेल्या पिस्तुलातून. दहिसरला ८ फेब्रुवारी २०२४ ला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना मारलं गेलं, तेव्हा पोलिसांच्या म्हणण्यानुसार वापरलेलं पिस्तूल मारणाऱ्याच्या नव्हे, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. एकाकडे परवाना होता म्हणून रागाला लगाम बसला नाही, आणि दुसऱ्याला परवान्याची गरजच पडली नाही, कारण शस्त्र हाताशी होतं.

मात्र कायद्यावर माझे दोन आक्षेप आहेत.

एक म्हणजे, परवानाधारकाने न कळवता किंवा पंचेचाळीस दिवसांच्या आत शस्त्र विकलं तर त्यासाठी पंचविसाव्या कलमात जी खास तरतूद आहे, तिच्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही असं लिहिलंय. पाचशे रुपये! २०१९ मध्ये बाकीच्या शिक्षा वाढवल्या, आणि ज्या नियमावर खाजगी विक्रीची सगळी भिस्त आहे त्याचा दंड मात्र पाचशेवरच राहिला. ज्या वस्तूला लोक लाखांत भाव द्यायला तयार असतात तिथे पाचशेची भीती कुणाला वाटणार?

दुसरा आक्षेप, परवानाधारक गेला की पुढे काय करायचं हे घरच्यांना कुणीच सांगत नाही. २०१६ च्या नियमांत एक चांगली सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की तो जिवंतपणीच वारसाचं नाव देऊ शकतो, आणि तो वारस पात्र असेल तर त्याला परवाना मिळू शकतो. पण हे माहीत किती जणांना आहे? बँकेत साधं खातं काढताना नॉमिनी विचारतात. तसंच परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी "तुमच्यामागे शस्त्राचं काय करायचं" हा रकाना सक्तीचा करावा, आणि घरच्या एका माणसाची त्यावर सही घ्यावी. यासाठी नवा कायदा नको, एक फॉर्म बदलला तरी पुरे.

तोवर आपण आपल्यापुरतं करू. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांच्या घरी जुनं शस्त्र आहे (आणि कुणाकडे आहे ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे!) त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत परवान्याची तारीख बघावी. वडीलधाऱ्यांशी बोलावं, कुणाच्या नावावर करायचं की विकायचं ते त्यांच्या हयातीतच ठरवावं. विकायचंच असेल तर ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानेच, लेखी कळवून आणि पंचेचाळीस दिवस थांबून विकावं. काडतुसंही मोजून ठेवावीत, कारण विसरलेलं एक काडतूस प्रवासाच्या बॅगेत निघालं तर विमानतळावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

यात कुणाचा वेगळा अनुभव असेल तर जरूर कळवा.