सात दिवसांची मुदत

देवास म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींना दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे टेकडीवरच्या तुळजाभवानी आणि चामुंडा, आणि दुसरे बेळगावजवळच्या सुळेभावीतून निघून तिथं कायमचे राहिलेले कुमार गंधर्व. आमच्या घरात मात्र देवास म्हणजे दाजी, माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. चाळीस वर्षं फौजदारी वकिली करताहेत, तीही आरोपीच्या बाजूनं. आई होती तोवर फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "वकीलरू ह्यांग अदार?" मग आवाज खाली आणून दुसरा, "अजून खुन्यांचीच कामं घेतात का गं?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अक्कानं कधी नीट दिलं नाही. या खेपेला गेले तेव्हा मीच तो दाजींना विचारला. त्यांना धारच्या तुरुंगात एका आरोपीला भेटायचं होतं. मी म्हटलं, मीही येते, तेवढाच धारचा किल्ला बघून होईल. इंदूर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, तेव्हा धीर करून म्हटलं, "दाजी, असल्या माणसांचं वकीलपत्र घ्यावंसं वाटतं तरी कसं?"

दाजी चिडले नाहीत. म्हणाले, "खंडव्याची केस ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हती. खंडवा हा देवासला लागूनच असलेला जिल्हा. तिथं ३० जानेवारी २०१३ रोजी नऊ वर्षांची एक मुलगी बेपत्ता झाली. दोन दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. अत्याचार करून खून. ४ फेब्रुवारीला एका तरुणाला अटक झाली. १९ फेब्रुवारीला कोर्टानं त्याला वकील नेमून दिला आणि त्याच दिवशी आरोपही निश्चित केले. म्हणजे वकिलाच्या हातात कागद पडले आणि खटला सुरू. पंधरवड्याच्या आत तेरा साक्षीदार तपासून झाले आणि ४ मार्चला फाशीची शिक्षा. जूनमध्ये हायकोर्टानंही ती कायम केली.

दिल्लीचं निर्भया प्रकरण तेव्हा अगदी ताजं होतं. महिनाभरात फाशी ही बातमी मी त्या वेळी वाचली असती तर टाळ्याच वाजवल्या असत्या, हे कबूल करते.

सुप्रीम कोर्टानं १८ डिसेंबर २०१९ रोजी ही शिक्षा रद्द केली आणि खटला नव्यानं चालवायला सांगितलं. कारण एवढंच, की आरोपीच्या वकिलाला तयारीला वेळच मिळाला नव्हता. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती उदय लळीत यांनी. लळीत घराणं मूळचं कोकणातलं, पण आजोबांच्या काळापासून सोलापुरात वकिली करणारं. म्हणजे आपल्याच बाजूचे म्हणायचे. स्वतः उदय लळीत २०१४ मध्ये थेट वकिलीतून सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि २०२२ मध्ये सरन्यायाधीश. वकिली केली ती मुख्यतः फौजदारी. आरोपीशेजारी उभं राहणाऱ्याची अडचण त्यांना पुस्तकातून शिकायची नव्हती. त्यांनी दंडक घालून दिला : जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील नेमावा, त्याला तयारीसाठी साधारण सात दिवस तरी मिळावेत, आणि आरोपीला भेटून बोलण्याची मुभा असावी.

"सात दिवस!" दाजी हसले. "लग्नाचा हॉल बघायलासुद्धा तुम्ही लोक यापेक्षा जास्त वेळ घेता."

खंडव्याची गोष्ट तिथं संपली नाही. २०२२ मध्ये त्याच माणसाला पुन्हा फाशी झाली. डीएनए तज्ज्ञाची साक्ष नीट झाली नाही म्हणून २०२३ मध्ये हायकोर्टानं खटला परत पाठवला. मार्च २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षांनी. मी मनाशी त्या मुलीच्या आईचा हिशोब करत बसले. महिन्याभरात न्याय मिळाला असं तिला सांगितलं गेलं होतं. अकरा वर्षांनी तिच्या हातात काय आलं? गुन्हेगार कोण, हेसुद्धा नाही.

याच मध्य प्रदेशात सरकारी वकिलांनी फाशीची शिक्षा मिळवून दिली की त्यांना जास्त गुण देण्याची पद्धत होती. सुप्रीम कोर्टानं दखल घेतल्यावर २०२२ मध्ये ती सरकारनं मागं घेतली. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे गुण, आणि तेही कशाचे!

धार जिल्ह्यात भिल्ल, भिलाला वस्ती मोठी. दाजी म्हणाले, "कागद वाचायला दोन दिवस पुरतात गं. बाकीचे पाच माणसाची भाषा कळायला लागतात." एका खटल्यात आरोपीच्या हिंदी जबाबात लिहिलं होतं, मी तिथं गेलो होतो. तुरुंगातल्या तिसऱ्या भेटीत, त्याच्या गावच्या एका पोराला दुभाषा म्हणून बसवल्यावर कळलं की तो गेला होता दुसऱ्या दिवशी, गावकऱ्यांबरोबर प्रेत उचलायला. जबाब खोटा नव्हता. फक्त दिवस गळला होता.

हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अक्कलकोटकडचा शेतकरी घरी कानडीत बोलतो आणि चौकीत त्याचं मराठीत उतरतं. आपण घरातसुद्धा सासूबाईंचं कानडी सुनेला मराठीत सांगताना एखादा शब्द मधल्या मध्ये खातो, कधी मुद्दामही! पुरावा आरोपीला समजेल अशा भाषेत सांगावा असं कायदा म्हणतो, पण सांगणारा माणूस दरवेळी हजर असतोच असं नाही.

धार आलं. गाडीतून उतरण्याआधी दाजी थोडं थांबले.

"सुरुवातीच्या वर्षांत मला अशीच एक केस मिळाली होती. कुठल्या कोर्टात ते जाऊ दे. सकाळी फाईल दिली, दुपारी काम सुरू. मी वेळ मागितला नाही. नवा होतो, साहेब रागावतील असं वाटलं. जन्मठेप झाली त्याला."

"तो निर्दोष होता?"

"मला माहीत नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं."

मी किल्ल्यावर जाऊन आले, पण लक्ष लागलं नाही. तासाभरानं परत आले तर दाजी अजून आतच. दुपारचे तीन वाजले, अक्कानं दिलेला डबा तसाच होता. बाहेर आले तेव्हा हातातल्या वहीची चार पानं भरलेली होती.

"झालं का बोलणं?" मी विचारलं.

"गावाचं नाव आणि भावंडं किती, एवढं झालं," ते म्हणाले. "परवा पुन्हा यायचंय. येतेस?"